घरात ‘बी’ रुजल्यास काय करावे

सगळ्यात आधी, बातमी घराबाहेर जाऊ देऊ नका. मुलीला एपी केमिस्ट्रीत ए सोडून ‘बी’ ग्रेड मिळाला हे तुम्हाला शाळेच्या पोर्टलवरून कळलं असणार, आणि बहुधा मुलीच्या आधी कळलं असणार. कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँट-क्युपर्टिनो पट्ट्यातला कोणताही कर्तव्यदक्ष मराठी बाप ऑफिसच्या मीटिंगला बसताना लॅपटॉपच्या दुसऱ्या खिडकीत ते पोर्टल उघडं ठेवूनच बसतो. आता ती खिडकी बंद करा. शनिवारी मंडळाचं पॉटलक आहे. तिथे ‘काय म्हणतंय अकरावीचं वर्ष?’ असं कुणी विचारलं, तर ‘बिझी आहे हो फार’ एवढंच म्हणून मसालेभाताच्या दिशेनं सरकायचं. खोटं बोलायची गरज नाही. विचारणाऱ्याच्या घरीही काहीतरी रुजलेलंच असतं, तोही मसालेभाताकडेच निघालेला असतो.

दुसरं, एपी म्हणजे नेमकं काय, हे आजी-आजोबांना समजावायला जाऊ नका. समजावायला गेलात तर म्हणावं लागेल, की ‘शाळेतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा विषय शिकवतात, मे महिन्यात कॉलेज बोर्ड नावाची संस्था त्याची देशभर परीक्षा घेते आणि १ ते ५ यांतला एक आकडा देते.’ मग आजी विचारणार, ‘म्हणजे सोळा वर्षांची पोर कॉलेजचं रसायनशास्त्र शिकतेय? आणि मार्क किती?’ तुम्ही शाळेतले ८६ टक्के सांगणार. पलीकडून साताऱ्यात पेढे आणायला माणूस निघालेला असेल. शोकाची सगळी हवाच जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे कॉलेजांच्या माहिती सत्रांना जात राहा. तिथे कुणीतरी, बहुतेक वेळा आपल्यापैकीच कुणीतरी, हात वर करून विचारतं, ‘अवघड विषयात बी बरा, की सोप्या विषयात ए?’ व्यासपीठावरचा प्रवेश अधिकारी हसून म्हणतो, ‘अवघड विषयात ए.’ सभागृह हसतं. हा विनोद इथं इतका जुना आहे की तो पाठ्यपुस्तकात घालायला हरकत नाही. हशा ओसरल्यावर तो अधिकारी पुढे सांगतो, की मुलानं झेपेल तेवढं अवघड घ्यावं, एखाददुसऱ्या बीनं आकाश कोसळत नाही. पण तोवर आपण वहीत ‘अवघड विषयात ए’ लिहून त्याखाली दोन रेघा मारत असतो, त्यामुळे पुढचं ऐकू येत नाही. येऊ देऊही नये.

आता गणित. हे आपलं माहेर, तेव्हा जरा सावकाश बसू. जीपीए म्हणजे सगळ्या ग्रेडांची सरासरी. साध्या जीपीएत ए म्हणजे ४, बी म्हणजे ३. वेटेड जीपीएत एपीसाठी बहुतेक शाळा एक गुण वाढवून देतात, म्हणजे एपीतला बी हा साध्या विषयातल्या एइतकाच, ४. इथं कुणाला वाटेल की मग रडायचं कशाला? तर रडायचं यासाठी, की एपीतला ए ५ असतो आणि मंडळातल्या एका काकूंच्या मुलाकडे तसे अकरा आहेत. त्यातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तुमच्या शाळेचा जीपीए बघतच नाही, स्वतःचा काढते. नववीचे मार्क त्यात धरत नाही. वाढीव गुण देते, पण जास्तीत जास्त आठ सत्रांसाठी, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांपुरते. ए अधिक आणि ए वजा यांत फरक करत नाही. एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा तर बघतच नाही. थोडक्यात, नववीतल्या बीवरून झालेली भांडणं, ए वजाबद्दल शिक्षकांना पाठवलेल्या सतरा ईमेल आणि एसएटीच्या क्लासची फी या तिन्हींचा त्या हिशेबात उपयोग शून्य. हे मी वाचलं आणि छापून घडी घालून कपाटात ठेवलं. घरात दाखवलेलं नाही. बायकोनं क्लासचा दुसरा हप्ता कालच भरलाय.

आणखी एक उपाय आहे, पण त्याला छाती लागते. कॉलेज तुमच्या मुलीची तुलना आधी तिच्याच शाळेतल्या मुलांशी करतं. शाळा अर्जासोबत स्वतःची माहिती पाठवते, त्यात किती एपी विषय उपलब्ध आहेत हेही असतं. टेक्सासात तर १९९७ पासून कायदाच आहे: शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांत आलात की सरकारी विद्यापीठात प्रवेश आपोआप. (ऑस्टिनच्या विद्यापीठानं ती रेघ बरीच वर सरकवून घेतलीय, तेव्हा लगेच ट्रक बुक करू नका.) मग निष्कर्ष काय? ‘चांगली शाळा’ म्हणून ज्या भागात दीडपट किंमत देऊन घर घेतलं, तिथे तुमची मुलगी चारशे तशाच मुलामुलींच्या गर्दीत बी घेऊन उभी आहे. साध्या शाळेत गेली असती तर पहिली आली असती. हे वाक्य मनात म्हणायचं, मोठ्यानं नाही. घराचे हप्ते अजून एकवीस वर्षं आहेत.

हार्वर्डचं काय, असं विचारताय? बी नसता तर नक्की झालं असतं. २०२३च्या शरद ऋतूतल्या प्रवेशासाठी तिथे ५६,९३७ अर्ज आले आणि १,९६६ जणांना होकार मिळाला. उरलेल्या जवळजवळ पंचावन्न हजारांना केमिस्ट्रीत बी असणार, दुसरं काय कारण असू शकेल? त्यांतले ढीगभर सगळीकडे ए घेऊन बसलेले होते असं कुणी म्हटलं तर तो विषय वाढवू नका. नकाराचं कारण एका अक्षरात सापडणं हे फार मोठं सुख आहे, ते कुणाला हिरावू देऊ नये.

बीचा निबंध करता येतो. कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जाचा, मुख्य निबंध ६५० शब्दांचा असतो आणि त्यात संकटावर मात केलेली लागते. आपल्या मुलांची पंचाईत अशी, की संकटं आईबापांनी आधीच निस्तरलेली असतात. तेव्हा बी हेच संकट. ‘त्या रात्री मी माझ्या ग्रेडकडे बघितलं आणि आत काहीतरी बदललं’ वगैरे. मात्र घरी त्या रात्री नेमकं काय झालं ते लिहू देऊ नका. विशेषतः तुम्ही ‘शेतात सोळा सोळा तास राबणाऱ्या आजोबांची शपथ’ म्हणालात ते. आजोबा पोस्टात होते.

निबंधानंतर उपक्रमांची यादी. दहा जागा, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. इथं ढोल-ताशा पथक येतं, मराठी शाळेत लहानांना बाराखडी शिकवणं येतं, आणि उन्हाळ्यात चार आठवड्यांत स्थापन होऊन पाचव्या आठवड्यात निवर्तणारी समाजसेवी संस्था येते. फक्त मर्यादा सांभाळा. २०१९ साली उघडकीला आलेल्या कॉलेजप्रवेशाच्या घोटाळ्यात मुलांना न खेळलेल्या खेळांतले खेळाडू दाखवायला फोटो बनवले होते, परीक्षेतली उत्तरं दुरुस्त करायला पैसे दिले होते. अभिनेत्री फेलिसिटी हफमन यांना १४ दिवसांची कैद झाली. तेव्हा पथकात मुलगी ताशा वाजवते असं लिहायचं असेल, तर तिला एकदा तरी ताशा हातात धरायला लावा. फोटो खरा हवा.

राहता राहिला तो पर्याय, ज्याचं नाव क्युपर्टिनोतल्या दिवाणखान्यात दबक्या आवाजात घेतात: डी अँझा. कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षं तिथे, मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बदली. डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा धरून तिच्या सहा कॅम्पसांवर तर ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए असला की प्रवेशाची लेखी हमीच मिळते, आणि त्या जीपीएत बी मावतात, एक नव्हे, बरेच. पदवीवर ‘हिनं पहिली दोन वर्षं डी अँझात काढली’ असं कुठेही छापलेलं नसतं. फीही कितीतरी कमी. एवढे फायदे असलेली गोष्ट आपल्या मुलांसाठी असूच शकत नाही, हे उघड आहे. पुढे चला. तसंच अ‍ॅरिझोना स्टेट दर दहा अर्जदारांमागे नऊजणांना घेतं आणि देशातली बहुतेक कॉलेजं निम्म्याहून अधिक अर्जदारांना होकार देतात, या बातमीचा मंडळात उल्लेख करू नये. लोक तुम्हाला हताश समजतील.

शेवटचा सल्ला अनुभवाचा. या दिवसांत जुन्या फायली उघडू नका. मी गेल्या रविवारी ग्रीन कार्डाचे कागद शोधताना उघडली. त्यात माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीचं अमेरिकन मूल्यमापन होतं. आपल्याकडचा फर्स्ट क्लास इथे सर्रास ए धरतात, त्यामुळे माझे ६२ टक्के छान इंग्रजी लेटरहेडवर ए होऊन बसले होते. आणि त्याच्या खालीच मूळ मार्कशीट होती, एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, एटीकेटीसकट. दुसऱ्या प्रयत्नात निघालेला पेपर, ४१ मार्क. हॉस्टेलवर त्या रात्री भुर्जीपाव झाला होता, अजून आठवतं.

तेवढ्यात लेक पाणी प्यायला खाली आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

‘बाबा, ही तुमची मार्कशीट? मॅथ्समध्ये फॉर्टी-वन?’

‘हो.’

‘कितीपैकी?’

‘पन्नास,’ मी म्हणालो आणि फाईल मिटली.