बोनेट चेपलं म्हणजे गाडी बेकार, हे साफ चुकीचंय

लातूर, बीड, नांदेडकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज लय फिरायलाय. वर एका चेंदामेंदा झालेल्या छोट्या गाडीचा फोटो आणि खाली लिहिलंय की आजकालच्या छोट्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, जुन्या ॲम्बेसेडरचं लोखंड आठवा, घ्यायची तर मोठीच गाडी घ्या, नसंल जमत तर समोर लोखंडी गार्ड बसवून घ्या, एअरबॅग असली की बेल्टची गरज नाही, मागं बसणाऱ्याला तर बेल्ट लागतच नाही आणि गावातल्या गावात 40 च्या स्पीडला काही होत नसतं. हे वाचून माणसं खरंच गार्ड बसवायलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते लोखंड. गाडी 60 नं चालली असंल तर आत बसलेले तुम्ही पण 60 नंच चाललेले असता, गाडी थांबली तरी अंग पुढं जातच राहतं आणि ते किती जागेत थांबतं त्यावर सगळं ठरतं. ट्रॉलीतून खाली उडी मारताना आपण गुडघे वाकवतो, ताठ पायानं मारली तर झटका सरळ कमरंत बसतो, तेच हे. हिशोबच करायचा तर 60 च्या स्पीडवरून अंग 60 सेंटिमीटरमध्ये थांबलं तर त्यावर स्वतःच्या वजनाच्या साधारण 24 पट जोर येतो, आणि डॅशबोर्डवर आपटून 5 सेंटिमीटरमध्ये थांबलं तर 280 पट. पहिल्यातून बेल्ट लावलेला माणूस वाचू शकतो, दुसऱ्यातून कोण वाचणार? ही थांबायची जागा चेपणारं बोनेट मिळवून देतं. म्हणून पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा करतात आणि मागची केबिन, म्हणजे खांब, छत, दारं, ही जास्तीत जास्त कडक ठेवतात. मर्सिडीजच्या बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरनं ही कल्पना 1950 च्या दशकातच मांडली होती, काल-परवा पैसे वाचवायला कोणी काढलेली युक्ती नाही ही.

आणि जुनं लोखंड विरुद्ध नवा पत्रा ही टक्कर खरोखर घेऊन बघितलेली आहे. 2009 मध्ये अमेरिकेत गाड्या धडकवून टेस्ट करणाऱ्या आयआयएचएस या संस्थेनं 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर धडकवली, दोन्ही साधारण 64 च्या स्पीडनं. जुन्या अगडबंब गाडीची केबिनच कोसळली, आतला माणूस जागीच गेला असता. नव्या गाडीतल्याला पायाला किरकोळ लागलं असतं, बस.

आमच्या इकडं एमआयडीसीतल्या एका गॅरेजला अशीच एक छोटी हॅचबॅक उभी होती. बोनेट घडी पडून पार काचेपर्यंत आलेलं, रेडिएटर इंजिनात घुसलेला, येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून म्हणायचा बघा काय पत्रा आहे. पण ड्रायव्हरचं दार हातानं उघडत होतं, काचेच्या बाजूचा खांब सरळ होता, स्टिअरिंग जागेवर, आणि बेल्टची पट्टी जिथं खांद्याजवळच्या कडीतून जाते तिथं घासून तिचे धागे उभे राहिले होते. एवढा ताण त्या पट्टीनं घेतला होता. चालवणारा स्वतःच्या पायानं उतरला होता. फोटो काढणारे बोनेटचा काढतात, त्या खांबाचा आणि पट्टीचा कोणीच काढत नाही.

मोठी गाडी म्हणजे सेफ, हा दुसरा मुद्दा. आपल्याकडं मोठी गाडी म्हटलं की स्कॉर्पिओ, बरोबर? गाड्या धडकवून 5 पैकी स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं 2016 मध्ये बिनाएअरबॅगची स्कॉर्पिओ टेस्ट केली, मोठ्या माणसांच्या सेफ्टीसाठी स्टार शून्य. 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एन टेस्ट झाली, तिला 5. आकार दोन्ही वेळी मोठाच होता की. उलट 4 मीटरच्या आतल्या गाड्या बघा, टाटा नेक्सॉनला 2018 मध्ये 5, पंचला 2021 मध्ये 5, मारुती डिझायरला 2024 मध्ये 5. मेसेजवाल्याचं एक मात्र खरंय, आपल्याकडच्या छोट्या गाड्या एके काळी वाईटच होत्या. 2014 च्या टेस्टमध्ये अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो, पाचही शून्यावर. पण त्यातली पोलो दोन एअरबॅग लावून परत टेस्ट केली तर तीच गाडी 4 स्टारवर गेली, कारण तिची केबिन टिकत होती, आतल्या माणसाला धरून ठेवणारं सामान तेवढं कमी होतं. अल्टो, नॅनो आणि आय10 ची केबिनच टिकली नव्हती, तिथं नुसती एअरबॅग लावून भागलं नसतं. आता 2023 पासून आपलं भारत एनकॅप आहे. शोरूमला गेल्यावर सनरूफ आहे का विचारता तसं स्टार किती, कोणत्या साली टेस्ट झाली, केबिन टिकली का, हे विचारा.

गार्डचं थोडक्यात सांगतो. चेपायची जागाच तुम्ही लोखंडानं बांधून टाकता, झटका सरळ आत येतो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब बिघडतो, समोर पायी चालणारा माणूस आला तर त्याचे हाल तर विचारूच नका. केंद्रानं 2017 च्या डिसेंबरमध्येच राज्यांना यावर कारवाई करा म्हणून कळवलंय. असंल तर काढून टाका.

एअरबॅग असली की बेल्ट नको, हे तर सगळ्यात घातक. एअरबॅग सेकंदाच्या साधारण 20 व्या 30 व्या हिश्श्यात उघडते, ताशी 300 किलोमीटरपर्यंतच्या वेगानं. बेल्ट नसला तर ब्रेक लागल्या लागल्या तुम्ही पुढं सरकलेले असता आणि फुगत असलेली पिशवी थेट तोंडावर बसते. बेल्टनं तुम्हाला मागं धरायचं आणि पिशवीनं फुगून झाल्यावर डोकं झेलायचं, असं ते जोडीनं काम आहे. तरी बेल्टचा आवाज बंद करायला नुसती चकती अडकवून फिरणारे आहेत. त्या चकत्या विकू नका म्हणून 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन कंपन्यांना आदेश दिले, दुकानातनं आणली असंल तर ती पण फेकून द्या.

मागं बसणाऱ्याचं म्हणाल तर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आठवा. 4 सप्टेंबर 2022, पालघरजवळचा पूल, गाडी मर्सिडीज. मागं बसलेले दोघंही गेले, पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले, आणि मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. मागचा बेल्ट कायद्यानं सक्तीचा आहे, दंड 1000 रुपये.

40 च्या स्पीडला काही होत नाही म्हणणाऱ्यांनी मांडीवर लेकरू घेऊन पुढं बसणं आधी बंद करावं. 10 किलोचं लेकरू 40 वरून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबलं तर त्याला धरायला 110 किलो पेलायची ताकद लागते. कोणत्याच आईच्या हातात ती नसते हो. आणि पुढच्या सीटवर ते तुमच्या आणि एअरबॅगच्या मधी असतं. लेकरू मागं, चाइल्ड सीटमध्ये.

आता छोटी गाडी खरंच कुठं कमी पडते ते पण सांगतो. वजनदार गाडीपुढं हलकी गाडी जास्त झटका खाते, हे खोटं नाही. शिवाय 5 स्टारची समोरून धडकेची टेस्ट 64 च्या स्पीडची असते, समृद्धीवर 120 नं जाताना धडकेची ऊर्जा साडेतीन पट झालेली असते, तिथं स्टारच्या भरवशावर राहू नका. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे गाळप हंगामातली उसाची ट्रॉली, रात्री रस्त्याच्या कडंला उभी, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. बोनेट तिच्या खाली जातं, चेपायचा भाग कशाला टेकतच नाही आणि ट्रॉलीची कड सरळ काचेवर येते. तिथं ॲम्बेसेडर असो की स्कॉर्पिओ, चांगली केबिन आणि बेल्ट यांना काम करायला संधीच मिळत नाही. म्हणून हा मेसेज पुढं ढकलण्यापेक्षा आपल्या कारखान्याच्या चेअरमनला विचारा की वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच, तर मागं रिफ्लेक्टर टेप नसलेली ट्रॉली तिथंच का अडवत नाही.