शून्य-नऊचं भूत आणि 4-2-2-2

इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगवर गप्पा रंगल्या की 4-2-2-2 या रचनेवरचा (गोलकीपरपुढे चार बचावपटू, दोन मागचे मिडफिल्डर, दोन पुढचे, दोन स्ट्रायकर) एक मजकूर हमखास फिरतो. "4-2-2-2 म्हणजे आत्महत्या. मधे चौघांची गर्दी, बाजू उघड्या, नव्वद मिनिटं नुसती धावाधाव. पुरावा हवा? साउथॅम्प्टन क्लबचे दोन 0-9 पराभव बघा."

आधी पुरावाच बघू. 25 ऑक्टोबर 2019, लेस्टरविरुद्ध: रायन बर्ट्रंड बाराव्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर. 2 फेब्रुवारी 2021, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध: अलेक्झांडर यांकेविट्झ दुसऱ्याच मिनिटाला बाहेर, आणि शेवटी तर मैदानात नऊच जण उरलेले. गोलकीपर धरून दहाच माणसं, त्यात 4-2-2-2 ची बेरीज तरी होते का? आणि या दोन तारखांच्या मधलं सगळं मजकुरातून सोयीस्कर गळतं. लेस्टरकडून मार खाल्ला तेव्हा संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. त्यानंतर प्रशिक्षक राल्फ हासेनहुटल यांनी 4-2-2-2 पक्की धरली. मोसमाअखेर संघ 52 गुणांसह अकरावा आणि एकट्या डॅनी इंग्जचे लीगमध्ये 22 गोल. नोव्हेंबर 2020 मध्ये तर साउथॅम्प्टन प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यात पहिल्या नंबरवर होता, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच. फार टिकला नाही, पण होता.

आता त्या उघड्या बाजू. त्या मुद्दाम सोडलेल्या असतात. दोन्ही स्ट्रायकर समोरच्या सेंटर-बॅककडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे, सरळ धावत नाहीत, किंचित वळसा घेत जातात, म्हणजे त्यांच्या पाठीमागे उभा असलेला मिडफिल्डर झाकला जातो. मधे चौघे दाटीनं उभे. समोरच्याला बॉल बाहेर, फुल-बॅककडे (कडेच्या बचावपटूकडे) देण्यावाचून इलाज राहत नाही. तिथे गेला की जाळं आवळायचं: त्या बाजूचा पुढचा मिडफिल्डर अंगावर, मागचा त्याच्या पाठोपाठ, आपला फुल-बॅक वर, अख्खा संघ त्या अंगाला सरकलेला. बाजूची रेषा हा फुकटचा बचावपटू, तिला चकवता येत नाही. कबड्डी खेळलेल्याला हे वेगळं शिकवायला नको. चढाईवाल्याला आत येऊ देतात ते घाबरून नव्हे, परतीची वाट बंद करायची असते म्हणून.

मधल्या गर्दीचा खरा फायदा तर बॉल मिळाल्यानंतर दिसतो. हिसकावलेला बॉल कुठेही उडाला तरी जवळ आपलंच माणूस असतं, आणि गोल फार लांब नसतो. 5 जुलै 2020, मँचेस्टर सिटीविरुद्ध: साउथॅम्प्टनच्या स्टुअर्ट आर्मस्ट्राँगनं सिटीच्या झिंचेन्कोकडून बॉल काढला, सिटीचा गोलकीपर एडरसन गोल सोडून पुढे आलेला, आणि चे अ‍ॅडम्सनं लांबूनच बॉल त्याच्या डोक्यावरून टाकला. 1-0. उरलेला सगळा वेळ सिटी बॉल घेऊन दारात उभी होती, तरी स्कोअर तोच राहिला.

"नुसती धावाधाव" यात मात्र अर्धं तथ्य आहे, म्हणून थोडं थांबतो. धावायचं कधी हे ठरलेलं असतं: समोरच्यानं बॉल मागे दिला, पहिला स्पर्श फसला, किंवा तो स्वतःच्याच गोलकडे तोंड करून बॉल घेतोय. इशारा मिळाला की सगळे एकदम सुटतात, एरवी जागा धरून उभे. या पद्धतीचे मोठे शिक्षक राल्फ रांगनिक बॉल गेल्यावर परत मिळवायला आठ सेकंद देत. ते स्वतः जर्मनीतल्या बाकनांग या छोट्या क्लबात खेळाडू-प्रशिक्षक असताना प्रशिक्षक लोबानोव्स्कींच्या दिनामो कीव्ह या संघाशी सराव सामना खेळले होते. बॉल जाईल तिथे कीव्हची इतकी माणसं, की त्यांना शंका आली आणि त्यांनी समोरचे खेळाडू चक्क मोजले. अकराच निघाले. जास्त धावल्यानं नव्हे, एकत्र सरकल्यानं बारावा असल्याचा भास होतो.

पण एकत्र सरकायलाही पायात बळ लागतं, आणि छोट्या संघाकडे बदली खेळाडू मोजकेच. 2020-21 मध्ये पहिल्या नंबरवर जाऊन आलेला साउथॅम्प्टन मोसम संपताना पंधरावा होता. एवढं मान्य.

बाकी या रचनेवर टीकाच करायची असेल तर ते 0-9 सोडा. सगळे एका अंगाला सरकले असताना एखाद्या सेंटर-बॅकनं दबावातही मान वर केली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मोकळ्या उभ्या फुल-बॅककडे लांब, तिरका बॉल टाकला, की जाळ्यातला मासा निसटतो. त्या एका पासची क्लिप फिरवा.