सेन्सरवरच्या घारी

कॅमेऱ्याबरोबर जे जाडजूड माहितीपुस्तक येतं, त्यात अगदी मागच्या पानांवर बारीक अक्षरात एक ओळ असते. वापरण्यास योग्य तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस, आर्द्रता ८५ टक्के किंवा त्याहून कमी. भल्याभल्या जपानी कॅमेऱ्यांची अट हीच. ही ओळ कॅमेऱ्यांनी मनावर घेतली तर त्यांना एप्रिल-मेमध्ये विदर्भातून आणि पावसाळाभर कोकणातून बिनपगारी रजा द्यावी लागेल. चंद्रपुरातला आमचा एक मित्र दर उन्हाळ्यात 'पारा ४६ वर' या बातमीचा फोटो काढतो. त्या वेळी कॅमेऱ्याची काळी बॉडी किती तापलेली असते, ते त्याच्या गालाला विचारा. बरं, तापमान आणि दमटपणा यांची एवढी काळजी वाहणाऱ्या त्या सज्जनांनी भंडाऱ्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

मी पुण्यातल्या एका दैनिकात फोटोग्राफर आहे. तुमच्या वर्षात सहा ऋतू असतील, आमच्यात चार: धूळ, पाणी, गुलाल आणि भंडारा. वारीत धूळ आणि पाऊस एकाच दिवशी, दहीहंडीला टँकरचं पाणी, विसर्जनाला लक्ष्मी रोडवर गुलाल. या सगळ्यातून कॅमेरा वाचवायचा आणि वर फोटोही आणायचा. पण बाकी तिघं परवडले. पाणी वाळतं, गुलाल दिसतो तरी. भंडारा आत जाऊन बसतो आणि महिन्याभराने बोलतो.

यंदा उन्हाळ्यातल्या सोमवती अमावास्येला जेजुरीला गेलो होतो. खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला निघते. ती हलली की 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर आणि चहूबाजूंनी भंडार-खोबऱ्याची उधळण. दीपमाळा, पिवळा ढग आणि ढगात तरंगणारी पालखी. फोटो झकास येतो, नाही कशाला म्हणू? संपादकांना तो दर सोमवतीला हवा असतो आणि दर सोमवतीला 'जरा वेगळा' हवा असतो.

तयारी करूनच जातो म्हणा. गडावर लेन्स बदलायची नाही, हे पहिलं पथ्य. म्हणून गळ्यात दोन बॉड्या. एकीला चोवीस-सत्तर मिलिमीटरची जवळची लेन्स, दुसरीला सत्तर-दोनशेची लांबची. ही दुसरी लेन्स एकटीच दीड किलोच्या आसपास. लेन्सच्या तोंडावर यूव्ही फिल्टर. हा फिल्टर अतिनील किरणांसाठी असतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. तो खोबऱ्यासाठी असतो. वरच्या ओवरीतून येणारा सुक्या खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लागला तर प्रसाद, काचेला लागला तर खर्च. आणि दोन्ही कॅमेऱ्यांना हॉटेलातल्या शॉवर कॅपा. प्रेस फोटोग्राफरने हॉटेलातून उचललेली शॉवर कॅप कधी डोक्यावर जात नाही, हे त्या व्यवसायातल्या मंडळींनी एव्हाना ओळखलं असेल.

तरी तो शिरतोच. भंडारा म्हणजे हळद, आणि तीही वस्त्रगाळ. माझी चोवीस-सत्तर झूम करताना पुढे लांबते आणि परत आखडते. लांबली की आत हवा ओढते, आखडली की सोडते. थोडक्यात लोहाराचा भाता. हा भाता मी भंडाऱ्याच्या ढगात उभा राहून चालवत असतो. हवा बाहेर पडते, हळद मुक्कामाला राहते.

त्यात एका आजींचं माझ्याकडे लक्ष गेलं. कॅप घातलेला कॅमेरा बघून त्यांना वाटलं, एवढ्या पिवळ्या गर्दीत हा एकच जीव कोरडा राहिलाय.

"थांब रे लेकरा, तुझ्या मशिनीला पण लावते," म्हणत त्यांनी भंडाऱ्याचा अंगठा लेन्सच्या काचेवर, बरोबर मधोमध, वरून खाली ओढला.

"आजी, अहो, काच आहे ती! महाग असते."

"देवापरीस म्हाग हाय व्हय?"

याला काय उत्तर देणार? मी वाकून नमस्कार केला. तेवढ्यात पालखी पुढे गेली.

घरी आल्यावर कॅमेऱ्याचे पट्टे सोडून बादलीत टाकले. कधीकाळी पांढरी असलेली त्यांवरची अक्षरं आता पिवळी होती. बायकोने साबण लावला आणि पट्टा लालभडक झाला. हळदीला साबणातला अल्कली भेटला की हे होणारच. पूर्वी हळदीला चुना वगैरे लावूनच कुंकू करायचे. बायको म्हणाली, "अहो, बघा, हळद-कुंकू दोन्ही झालं. आता तेवढी ओटी भरायची राहिलीय." दुसऱ्या दिवशी आयुक्तांच्या पत्रकार परिषदेत मी तो पट्टा गळ्यात घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. आयुक्तांची नजर आकडेवारीवरून दर दोन मिनिटांनी त्या पट्ट्यावर जात होती.

आता भंडारा बोलतो कसा, ते. कॅमेऱ्यात रोलच्या जागी प्रतिमा टिपणारा सेन्सर असतो, त्याच्या पुढे एक काच असते, धूळ बसते ती तिच्यावर. कॅमेरा चालू-बंद करताना ही काच थरथरून धूळ झटकते, अशी सोय आहे. मात्र झटकलेली धूळ जाणार कुठे? खाली. आणि सेन्सरवर प्रतिमा पडते ती उलटी. म्हणजे खाली जमलेली धूळ फोटोत दिसते ती वर, थेट आकाशात. शिवाय लेन्स सताड उघडी ठेवली, एफ २.८ वगैरे, तर ती दिसतच नाही. सभागृहं, सत्कार, आंदोलनं, सगळं निर्मळ. तुम्ही निसर्गरम्य काहीतरी काढायला जाता, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करत सोळावर नेता, की ठिपके हजर.

माऊलींची पालखी दिवे घाटातून सासवडकडे जाते तेव्हा आम्ही सगळे समोरच्या डोंगरावर चढलेले असतो. नागमोडी घाट, त्यात माणसांची आणि पताकांची रांग, वर ढगांचं मोठं आकाश. हा फोटो अर्थात सोळावर. कॅमेऱ्याच्या मागच्या साडेतीन बोटांच्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. डेस्कवरून फोन सुरू झाले होते. पान सोडायचं होतं. तिथूनच मोबाइलला जोडून फोटो पाठवला. रात्री पान लावणाऱ्या पोराचा निरोप आला, "दादा, घारी काय जबरदस्त आल्यात!"

सकाळी अंकात पाच कॉलमी फोटो. उजवीकडे वर, ढगांवर, पाच काळे ठिपके. खाली फोटोओळ: 'वैष्णवांच्या मेळ्यावर घारींच्याही घिरट्या'. संपादकांनी बैठकीत कौतुक केलं. कौतुक आमच्या वाट्याला कमीच येतं. आलेलं परत करायची पद्धत नाही.

मला खरं कौतुक वाटतं ते त्या ठिपक्यांचं. लोक विचारतात, "किती मेगापिक्सेल?" मी ४५ सांगितलं की मान डोलावतात. त्यातलं पानावर काय उरतं? तीन कॉलमी फोटो साधारण १२ सेंटीमीटर रुंद, म्हणजे पावणेपाच इंच. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला २०० पिक्सेल दिले तरी डोक्यावरून पाणी. हिशेब केला तर अख्खा फोटो एक मेगापिक्सेलच्या आत बसतो. १९९९ साली निकॉनचा डी१ आला तो २.७ मेगापिक्सेलचा होता, आणि वर्तमानपत्रांना तो पुरून उरत होता. आता ४५ मधले ४४ वाटेत गळतात. मंत्र्याच्या कपाळावरची आठी गळते, वारकऱ्याच्या डोळ्यातलं पाणी गळतं. धुळीचा ठिपका मात्र वाट काढत वाचकाच्या चहापर्यंत पोचतो.

निवृत्त ज्येष्ठ भेटले की म्हणतात, आमच्या वेळी हे नव्हतं. त्यांचा निकॉनचा एफएम२, १९८२ चा, सगळा यांत्रिक. वजन ५४० ग्रॅम. सेल लागायचे ते फक्त प्रकाश मोजायला. संपले तरी अंदाजाने कॅमेरा चालू. आणि रोलमध्ये दर फोटोला फ्रेम कोरी, त्यामुळे जेजुरीची धूळ दिवे घाटात यायचा प्रश्नच नाही. हे खरं आहे. पण वाळूचा एक कण आत अडकला की छत्तीसच्या छत्तीस फ्रेमवर आडवी रेघ उमटायची, हे ते सांगत नाहीत. कार्यक्रम तालुक्याला असला तर रोलचं पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं आणि इकडे स्टँडवर माणूस उभा करायचा. गाडी घाटात बंद पडली तर बातमी बिनफोटोची. आठवणीत सगळी बॅग हलकीच असते.

विषय निघालाय तर फ्लॅशचंही सांगतो. फ्लॅश सरळ तोंडावर मारला तर नेते चोर दिसतात, म्हणून तो छताकडे वळवायचा. प्रकाश छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. हे पांढऱ्या छताला लागू. आपल्याकडे छत म्हणजे मंडपाचं कापड, आणि कापड ज्याचा कार्यक्रम त्याच्या रंगाचं. भगव्या मंडपात पाहुणा म्हणून आलेला विरोधी नेता फोटोत डोक्यापासून पायापर्यंत भगवा निघतो. पूर्वी असे फोटो डेस्क परत पाठवायचं. हल्ली 'राहू दे, असू दे संग्रहात' म्हणतात, आणि त्यातले काही पुढे फार उपयोगी पडले.

तर घारी. पुढे खडकवासल्यातून पाणी सोडलं. भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो दर वर्षी लागतोच, त्याच्या जोडीला धरणाचाही. ॲपर्चर सोळावर. पाच घारी, उजवीकडे वर, त्याच अंतराने. आठवड्याभरात एका निवृत्त वाचकाचं पत्र आलं, आखीव कागदावर, समास सोडून.

'आपल्या अंकात दोन वेळा प्रसिद्ध झालेले पक्षी घारी नव्हेत. घारीची शेपटी दुभंगलेली असते. प्रस्तुत पक्ष्यांना भिंगाखाली पाहिले असता शेपटीच आढळत नाही. तसेच दोन्ही ठिकाणी त्यांची रचना तंतोतंत एक आहे. एवढी शिस्त घारींमध्ये असत नाही. खुलासा व्हावा.'

मी कॅमेरा उचलला आणि पेठेतल्या आमच्या मेकॅनिककडे गेलो. गल्लीतल्या जिन्याखाली त्याचं दुकान. त्याने लेन्स काढली, आरसा वर केला, विजेरी मारून आत डोकावला आणि म्हणाला, "सोमवती का?"

त्याला रंगावरून गाव कळतं. पिवळं म्हणजे जेजुरी, गुलाबी म्हणजे विसर्जन नाहीतर जोतिबा, राखाडी म्हणजे मेट्रोचं काम. रबरी फुग्याने त्याने आधी हवा मारली, मग पातळ पट्टीला गुंडाळलेल्या फडक्यावर दोन थेंब टाकून काचेवरून ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरवली. पट्टीच्या टोकावर पिवळी रेघ आली. ती त्याने आधी माझ्यापुढे धरली, मग बोटावर घेऊन कपाळाला लावली. "देवाचं आहे साहेब," म्हणाला आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

त्यानंतर पानशेतचा फोटो गेला. आकाश स्वच्छ, एक ठिपका नाही. मी निर्धास्त.

काल पुन्हा आखीव कागद आला. 'गेल्या महिन्यापर्यंत धरण परिसरात नियमित दिसणारे सदर पाच पक्षी पानशेत येथे दिसत नाहीत. बांधकामांमुळे त्यांचा अधिवास नष्ट झाला असण्याची शक्यता आहे. आपल्यासारख्या जबाबदार दैनिकाने याचा पाठपुरावा करावा.' संपादकांना पत्र फार आवडलं. रविवारच्या पुरवणीला पहिलं पान द्यायचं ठरलंय. उद्या पहाटे साडेपाचला एक वार्ताहर, एक पक्षीमित्र आणि मी खडकवासल्याला निघतोय.

"मोठी टेली लेन्स घेऊन जा," संपादक म्हणाले, "आणि या वेळी शेपटी दिसली पाहिजे."