शुगर सोडून गोळीवर खापर

‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यातले दावे असे: मधुमेहात किडनी शुगरने नव्हे, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने जाते, शुगरच्या ‘नॉर्मल’चा आकडा कंपन्यांनी खाली आणला, पाय बधिर झाले तर रोज रात्री कडक गरम मिठाच्या पाण्यात बुडवा आणि पहाटे अनवाणी चाला, गूळ आणि कारल्याचा रस घ्या, गोळ्या-इन्सुलिन सगळं सुटेल. माझ्या मावशीने हे वाचून कुणालाही न विचारता गोळी अर्धी केली, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी किडनी. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात मधुमेहाचं नुकतंच निदान झालेले ५,१०२ लोक होते. त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये निदानाच्या वेळीच, म्हणजे एकही गोळी पोटात जाण्याआधी, गुंतागुंतीच्या खुणा सापडल्या. तो प्रताप कुठल्या गोळीचा? पुढे ज्या गटाला जास्त औषधं देऊन शुगर आटोक्यात ठेवली, त्याच गटात डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. १९९८ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

हा गैरसमज येतो कुठून, तेही कळतं. मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीचं काम फारच मंदावलं, ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते त्याचा आकडा) ३०च्या खाली गेला, की डॉक्टर ते बंद करतात. आग लागल्यावर सिलिंडर घराबाहेर काढला म्हणून आग सिलिंडरनेच लावली असं होत नाही. किडनीची एवढी काळजी असेल तर गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅककडे, म्हणजे किडनीला इजा करू शकणाऱ्या वेदनाशामक गोळीकडे बघा. त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. बीपीबद्दलही नाही, त्याच अभ्यासात बीपी कडक आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले होते.

आता पायांचा इलाज. हा लिहिणाऱ्याने मधुमेह्याचा पाय कधी जवळून पाहिलेला नाही. शुगर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा निकामी होत जातात. आधी मुंग्या, जळजळ, मग काहीच कळेनासं होतं. चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही. अशा पायाला पाण्याचा चटका कळणार कसा? कातडी भाजते, फोड येतो, दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी असेल, बिडी-सिगारेट असेल, तर जखम चिघळते आणि गोष्ट बोट कापण्यावर, कधी गुडघ्याखालून पाय कापण्यावर जाते. बधिर पायावर इलाज काय, तर तो भाजून घ्या! अनवाणी चालण्याचंही तेच. नवरात्रात चप्पल न घालणाऱ्या आणि भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालणाऱ्या मधुमेह्यांनीही दुसरं कुठलं तरी व्रत धरावं.

पाणी कोमटच हवं, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघावं. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, तळवे रोज आरशात बघायचे. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून नायलॉनच्या धाग्याने तळव्यांची संवेदना तपासून घ्यायची. दोन-चार मिनिटांचं काम, पण तुमच्या घरात कुणाची ही तपासणी झालीय का, विचारून बघा.

मेटफॉर्मिनबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, जी मेसेजवाल्याला बहुधा माहीतही नसावी. ते वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. त्यासाठी बी-१२ तपासायचं, गोळी फेकायची नाही.

आकड्याचं म्हणाल, तर १९९७ साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने उपाशीपोटीच्या शुगरची निदानाची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली, हे खरं. डोळ्यांच्या पडद्यावरची इजा साधारण त्याच पातळीपासून वाढताना दिसली म्हणून आणली, एवढं मेसेजमध्ये गाळलंय.

गुळानेही शुगर चढतेच. कारल्याची भाजी खुशाल खा, गोळीच्या जागी रस नको. आणि ‘इन्सुलिन सुटेल’ हे तर टाइप १ मधुमेह असलेल्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा मुलांचे आईबापही वाचतात. त्या मुलांचं इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं. ग्रुपमध्ये असं एखादं घर असेल, तर तो मेसेज आजच काढून टाका आणि का काढला तेही तिथेच लिहा.