‘एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे लिव्हर ठणठणीत’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा आहे: दारू न पिणाऱ्याचे रक्ततपासणीतले एसजीपीटी नॉर्मल असेल तर लिव्हरची काळजी नको, कावीळ झाल्यास तेल, हळद आणि डाळ बंद करून उसाचा रस प्यावा, झाडपाल्याने ती हमखास उतरते, पुढे लिव्हर साफ राहावे म्हणून रोज गुळवेलीचा काढा घ्यावा.

पहिले विधान सर्वांत घातक आहे, कारण ते शास्त्रीय वाटते. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतले विकर (एन्झाइम) असून पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. यकृत काम किती करते, हे त्यावरून कळत नाही. समजा, दारूला कधीही न शिवलेल्या, स्थूल आणि मधुमेही अशा ५८ वर्षांच्या बाईंचा अहवाल असा आला: एसजीओटी (असेच दुसरे विकर) ३८, एसजीपीटी ३२, अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन) २.९ म्हणजे कमी, प्लेटलेट ९२ हजार, म्हणजे त्याही कमी. पहिले दोन आकडे पाहून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतील. मात्र वयाला एसजीओटीने गुणून, प्लेटलेटचा हजारांतील आकडा गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ याने भागले, की फिब-४ हा निर्देशांक मिळतो. तो १.३ च्या खाली असल्यास यकृतात जास्त व्रण (इजेनंतर उरणारे घट्ट ऊतक) असण्याची शक्यता कमी असते आणि २.६७ च्या वर गेल्यास ती दाट असते. या बाईंचा येतो ४.२. व्रणांनी घट्ट झालेल्या यकृतामुळे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या प्रवेशिनी शिरेतला दाब वाढतो, प्लीहा सुजते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. म्हणून येथे सोनोग्राफी, यकृताचा घट्टपणा मोजणारा फायब्रोस्कॅन आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी एंडोस्कोपी, असा मार्ग धरावा लागतो.

उलट प्रकारही घडतो. तीव्र काविळीत हजारांत गेलेले एसजीपीटी झपाट्याने उतरू लागले, की त्याचे श्रेय काढ्याला दिले जाते. पण त्याच वेळी आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) चढत असेल, बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) वाढत असेल आणि रुग्ण गुंगीत जात असेल, तर एसजीपीटी झिरपायला पुरेशा पेशीच उरलेल्या नाहीत असा त्याचा अर्थ होतो. असा रुग्ण तासाभराचाही विलंब न करता यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावा लागतो.

झाडपाल्याने कावीळ उतरते, हे दिसते खरे. हॉस्टेलच्या पाण्यातून हिपॅटायटिस ए झालेला विशीतला मुलगा बहुधा काही आठवड्यांत आपोआपच बरा होतो आणि नाव होते मुळी देणाऱ्याचे. परंतु साठी ओलांडलेल्या गृहस्थांना कावीळ, अंगभर खाज, पांढरट शौच आणि घटते वजन असेल, तर पित्तनलिका खडा किंवा गाठ यांमुळे तुंबली आहे का, हे सोनोग्राफीने लगेच पाहावे लागते. येथे मुळीवर घालवलेला महिना शस्त्रक्रियेची संधी हिरावू शकतो. हिपॅटायटिस ई २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरला होता. बहुतेकांना तो सोसतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतू शकतो.

पथ्याबद्दल थोडक्यात: हळद बंद करण्याला आधार नाही आणि बर्फ घातलेला गाड्यावरचा रस स्वतःच हिपॅटायटिस ए किंवा ई देऊ शकतो. सिरोसिसच्या (व्रणांनी यकृत घट्ट झालेल्या) रुग्णाची डाळ तोडणे तर उलटेच आहे, कारण त्याला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात.

राहिली गुळवेल. कोविडकाळात ती घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला आणि तो प्रश्न रास्त होता; पण अंगणातला वेल नेमका कोणता, हे घरी काढा उकळणाऱ्यालाही कळत नाही. या इजेचे रूप अनेकदा स्वप्रतिकारजन्य हिपॅटायटिससारखे (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते त्या आजारासारखे) असते, त्यामुळे काढ्याची माहिती दडवली, तर निदान चुकू शकते. डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर ती बाटली किंवा भुकटीचे पाकीटही न्यावे.