कालवांच्या चुन्याने पेशी चिकटत नाहीत

आत्याला गेल्या वर्षी तोंडात फोड यायला लागले. पातळ पेजसुद्धा घशाखाली उतरेना. गोव्याला नेलं, तोंडातला बारीकसा तुकडा काढून तपासला आणि निदान झालं पेम्फिगस, म्हणजे तोंडात आणि कातडीवर फोड आणणारा आजार. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती तीन महिन्यांत पुन्हा भात-आमटी जेवू लागली. गेल्या रविवारी देवगडला घरी गेले तर म्हणाली, “गोळये बंद केलंय गो, चुनो सुरू केलंय.” पाठीवर रुपयाएवढे नवे फोड होते.

हे तिला वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं होतं. नंतर तोच मेसेज मला आणखी चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय ते असं: शरीरातल्या पेशी कॅल्शियमच्या डिंकाने चिकटलेल्या असतात आणि हे जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय. डिंक कमी झाला की फोड, जखमा, कॅन्सर. कालवं खडकाला चुन्यानेच चिकटतात, म्हणून शिंपल्यांचा चुना गव्हाच्या दाण्याएवढा रोज दह्यातून घ्या, तोंडातल्या फोडांना लावा. स्टेरॉइड हा डिंक विरघळवतात, ते ताबडतोब बंद करा.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. म्हणून जपानी शास्त्रज्ञाचं आधी सांगते, कारण तेवढं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यावरच बाकीचं सगळं खपतंय. त्यांचं नाव मासातोशी ताकेइची. क्योतोच्या प्रयोगशाळेत ते पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं कापणारं पाचक द्रव्य, वापरत. सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटत. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्यावर तोच प्रयोग केला, तर पेशी चिकटेनात. शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की तिथल्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन मिसळलेलं होतं, क्योतोच्या ट्रिप्सिनमध्ये मात्र कॅल्शियम होतं. कॅल्शियम असलं की पेशींवरची काही प्रथिनं ट्रिप्सिनच्या कात्रीतून वाचतात. त्यावरचं काम 1977 साली प्रसिद्ध झालं आणि 1984 साली त्या प्रथिनांना कॅडहेरिन हे नाव मिळालं.

पण डिंक कॅल्शियमचा नव्हे, चिकटतं ते प्रथिन. पेशीच्या बाहेर आलेला कॅडहेरिनचा भाग पाच मण्यांच्या माळेसारखा असतो आणि दर दोन मण्यांच्या सांध्यात कॅल्शियमचे तीन अणू बसतात. त्यांच्यामुळे माळ ताठ राहते आणि समोरच्या पेशीच्या माळेला धरू शकते. कॅल्शियम काढलं की ती लुळी पडते. एवढंच.

आता रक्तात कॅल्शियम किती राहील हे आपण दह्यात किती चुना कालवला यावर ठरत नाही. मानेतल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते 100 मिलिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम एवढ्यातच धरून ठेवतात. खाण्यातून कमी पडलं तर हाडांतून काढून देतात. शरीरात जवळपास किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. रक्तातलं खरोखरच घसरलं तर हातापायांत वांब येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. पेशी सुट्या व्हायची वेळ त्याच्या फार पुढची. आणि कॅल्शियमच हवं असेल तर घरात नाचणी आहे, काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट आहे.

खडकाला चिकटलेल्या कालवांचा दाखला वाचून तर मला रागच आला, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांनी तो पुढे पाठवावा! कालवं चुनखडीच्या थराने खडकाला चिकटतात, हे खरं. पण तिसऱ्या या छोट्या शिंपल्यांचं कवचही चुनखडीचंच असतं आणि त्या वाळूत मोकळ्या असतात. ओहोटीला बोटांनी उकरून काढतो आपण त्या. चुन्यानेच चिकटायचं असतं तर टोपलीत त्यांचा एक गोळा झाला असता. शिणाणे हे काळे शिंपले खडक धरतात ते दाढीसारख्या धाग्यांनी, आणि ते धागे प्रथिनांचे असतात. शिवाय यातलं काहीच माणसाच्या दोन पेशींना जोडत नाही.

मुख्य गोष्ट आत्याच्या फोडांची. पेम्फिगसमध्ये कॅल्शियम कमी पडलेलं नसतं. तोंडाच्या आतल्या आवरणातल्या आणि कातडीतल्या पेशींना धरून ठेवणारं डेस्मोग्लाइन नावाचं प्रथिन असतं, तेही कॅडहेरिनच्याच कुळातलं. आपलीच प्रतिकारशक्ती चुकून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. ती येऊन त्या प्रथिनावर बसतात, पकड सुटते, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो. ही प्रतिपिंडं कॅडहेरिनच्या कुळातल्या प्रथिनावर हल्ला करतात, हे 1991 साली मासायुकी आमागाई आणि जॉन स्टॅनली यांनी ‘सेल’ या नियतकालिकात दाखवलं. जपानी शास्त्रज्ञाचंच ऐकायचं असेल तर आमागाईंचंही ऐका. सूक्ष्मदर्शकाखाली या आजारात वरच्या पेशी सुट्या झालेल्या दिसतात, पण सगळ्यात खालची रांग तळाला घट्ट उभी असते, कारण तळाला धरणारी प्रथिनं वेगळी, इंटेग्रिन. एकच डिंक असता तर ती रांगही सुटली असती.

म्हणजे कितीही चुना खाल्ला तरी ती प्रतिपिंडं हलणार नाहीत. त्यांची निर्मिती दाबावी लागते, आणि ते काम स्टेरॉइड करतात. 1950 च्या दशकात हे उपचार येण्याआधी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. स्टेरॉइडने हाडं झिजतात, हे मात्र मला मान्य करावंच लागेल. म्हणूनच डॉक्टर सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात. आत्याच्या पिशवीत ती गोळी होतीच. पण महिनोन् महिने स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं जवळजवळ थांबवतं. गोळी एकदम सोडली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस जाऊही शकतो.

आणि भिजवलेला चुना तोंडातल्या उघड्या जखमेवर! तो दाहक अल्कली आहे. पानातल्या जरा जास्त चुन्याने धडधाकट माणसाची जीभ भाजते. आत्याच्या गालाच्या आतली बाजू पांढरी पडून सोलली होती. तीन दिवस ती शहाळ्याच्या पाण्यावर होती.

कॅन्सरबद्दल थोडक्यात. काही कॅन्सरमध्ये ई-कॅडहेरिन हा कॅडहेरिनचाच एक प्रकार नाहीसा होतो. न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या येणाऱ्या जठराच्या कॅन्सरमागे त्याच्या जनुकातला दोष आहे, हे 1998 साली सापडलं. दोष जनुकात आहे. चुना तिथे काय दुरुस्त करणार?

आत्याला सोमवारी पुन्हा गोव्याला नेलं. गोळ्या आधीपेक्षा जास्त मात्रेने सुरू झाल्यात. वाडीत आणखी कोणी हा मेसेज वाचून गोळ्या थांबवल्या असतील तर आजच्या आज डॉक्टरांना फोन करा. किती गोळ्यांनी पुन्हा सुरुवात करायची, हे त्यांनाच ठरवू द्या.