पाटा बाल्कनीत, तवा ओट्यावर

नमस्कार,

'रोजचं सगळं घरी करायचं तर ओट्यावर काय हवं' या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच सुनावलंत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: ही यादी आजीच्या माजघरातली आहे. पुण्यात वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन शेगड्यांवर एकट्यापुरतं रांधणाऱ्याला पाटा-वरवंटा, विळी आणि सोऱ्या काय कामाचे? कुकर आणि मिक्सर एवढं पुरतं, आणि त्यातला मिक्सर यादीत नाहीच. वर माझं ऐकून बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा आणि पितळेचं पातेलं आणलंत, तर तव्याला तीन घावनं चिकटली आणि पातेल्यात आमटी कळकली. शेवटी 'हौस म्हणून ठीक आहे' असा शेरा. तो जरा झोंबला, पण असो.

आधी पातेलं, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. पितळेचं भांडं सुचवताना मी कल्हईबद्दल, म्हणजे आतून द्यायच्या कथलाच्या थराबद्दल, एक अक्षर लिहिलं नाही. आमच्या घरात हे इतकं गृहीत असतं की लिहायचं सुचलंच नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आमसूल किंवा चिंच घातलेली आमटी उघड्या पितळेला लागली की तांबं तिच्यात उतरतं. नुसती चव बिघडत नाही, मळमळ, उलट्याही होतात. आमटी टाकून दिलीत ते उत्तम केलंत. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो, कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवतो, आणि काळवंडलेलं भांडं बघता बघता चंदेरी होतं. पण कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे रिकामं पातेलं मोठ्या आचेवर विसरलात की कल्हई गेलीच. तारेची घासणीही चालत नाही. हे सगळं सांभाळायची तयारी असेल तर कसब्यात तांबट आळीत जाऊन चौकशी करा, मठारकामाची, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेली, भांडी बघूनच जीव सुखावेल. नसेल तर जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. एकट्याच्या आमटीला ते भरपूर झालं. यादीत आता तसा बदल केला आहे.

तव्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तुम्ही लिहिलंत, 'धुतला, तेल ओतलं, घावन घातलं.' अहो, तिथेच घोळ झाला. नवा बिडाचा तवा वर दिसायला काळा असला तरी कोराच असू शकतो. त्याला आधी तयार करावं लागतं. घासून धुवा, लगेच पुसा आणि मंद आचेवर ठेवून अगदी कोरडा करा. मग चमचाभर तेल फडक्याने सगळीकडे चोळा, आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते जणू चुकून लागलं होतं असं पुसून काढा. ही दुसरी पुसणी सगळे टाळतात. तेलाचा पातळ थर चांगला तापला की कडक होऊन बिडाला धरून बसतो. जाड थर नुसता चिकट होतो आणि मग त्यावर घावन काय, पाणीसुद्धा चिकटेल. धूर येईपर्यंत तापवा, निववा, पुन्हा तेल. असं चार-पाच वेळा. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरमालक फोन करतील.

दुसरी गोष्ट, बीड हळू तापतं. पहिल्या घावनाआधी मंद आचेवर पाच मिनिटं तरी द्या. पाण्याचा हबका मारल्यावर थेंब नाचत उडून गेले की तवा तयार. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवायचा, पीठ घालायचं आणि कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. माझ्या तव्यावरही पहिलं घावन अजून फाटतं. ते उभ्याउभ्याने चटणीशी खायचं असतं.

आता मिक्सर. तो यादीत नव्हता हे हास्यास्पदच होतं, तुमचं बरोबर. खरं सांगू का? माझा स्वतःचा पाटा गेली नऊ वर्षं बाल्कनीत आहे आणि त्याच्यावर कोरफडीची कुंडी आहे. वाटण मी मिक्सरमध्येच करते. पाटा यादीत आला तो मायेपोटी. काढून टाकला. पण खलबत्ता राहू द्या. तळहाताएवढा, दगडी किंवा पितळी. चार पाकळ्या लसूण मिक्सरच्या भांड्यात टाकून बघा, भिंतींना चिकटतात आणि पातं हवेत फिरतं. एकट्याच्या स्वयंपाकात सगळंच चार पाकळ्या, दोन वेलदोडे, सहा मिरी अशा मापात लागतं. म्हणजे खलबत्त्याची गरज माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त.

कुकरबद्दल वाद नाही. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरात तेच १२० च्या घरात जातं. तूरडाळ उघड्यावर शिजवत बसायला तुम्हाला वेळ नाही आणि मलाही नाही.

विळी नको तर नको. सुरी चालेल, फक्त धारेची हवी. टोमॅटो कापताना आधी साल दबत असेल तर ती सुरी नाही, चमचा आहे. चिनी मातीचा कप उपडा घालून बुडाच्या खरखरीत कडेवर दहा-दहा वेळा घासलीत तरी फरक कळतो. नारळ खवायला मात्र सुरीचा उपयोग नाही. ओट्यावर बसणारी छोटी खवणी तुळशीबागेत मिळेल. किंवा ओलं खोबरं तुकडे करून मिक्सरला लावा. सोलकढीला चालतं, उकडीच्या मोदकांच्या सारणाला नाही.

राहिला सोऱ्या. तो तुम्ही घेऊच नका. आमच्या इमारतीत तीन घरांत मिळून एक आहे, दिवाळीत जिन्यातून वरखाली फिरतो. गेल्या वर्षी त्यातली चकलीची चकती कुठल्याशा घरात राहिली आणि अजून कोणी कबूल झालेलं नाही.